सोळा तासांची फ्लाइट पुरवून कशी करायची: लांब पल्ल्याच्या केबिन क्रूसाठी

मुंबईहून रात्री २ च्या सुमाराला सुटून थेट न्यूयॉर्कला उतरणारी फ्लाइट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. साधारण १२,५०० किलोमीटरचं अंतर, १५ ते १६ तास हवेत, त्याआधी दोन-अडीच तासांची तयारी आणि नंतर इमिग्रेशनची रांग नि हॉटेलची बस. विमान बोइंग ७७७-३००ईआर, म्हणजे दोन आइल (सीटांमधल्या वाटा) आणि पाच जोड्या मिळून १० दारं. लंडन किंवा सिडनीच्या सेक्टरला आकडे बदलतील, कामाची चाल तीच राहील. कंपनीचं मॅन्युअल जिथे वेगळं सांगतं तिथे मॅन्युअलचं ऐकायचं.

मुंबई-दिल्लीच्या दोन तासांच्या फ्लाइटवरून इथे आलेली मंडळी एक चूक हमखास करतात. पहिल्या चार तासांत धावून धावून सगळं उरकतात आणि अकराव्या तासाला गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, भिंतीला टेकून उभी असतात. इथे पाय, पाणी, झोप, व्हेज जेवणाचे डबे, स्वतःचा आवाज, सगळं पुरवून वापरावं लागतं. महिन्याअखेरचं रेशन पुरवतात तसं.

निघण्याआधी

रात्री २ ची फ्लाइट म्हणजे रिपोर्टिंग बाराच्या आसपास आणि पिक-अप त्याहून आधी. शरीराची सगळ्यात मंद वेळ पहाटे २ ते ६ ची. ती वेळ तुमची टेक-ऑफ आणि पहिल्या सर्व्हिसमध्ये जाणार, त्यामुळे संध्याकाळी ६ ते ९ ची झोप ही चैन नसून ड्यूटीचाच भाग धरा. सलग तीन तास जमत नसतील तर ९० मिनिटांचा एक पूर्ण टप्पा तरी घ्या. पाऊण तास झोपून उठलात तर डोकं जड राहतं, कारण गाढ झोपेच्या मधूनच जाग आलेली असते. मुंबईच्या घरात संध्याकाळी सहाला कुकरच्या शिट्या, बेल आणि शेजारचा टीव्ही असतोच. जाड पडदा, कानात बोळे, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवणं, याला पर्याय नाही. कॉफीचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, तेव्हा दुपारी २ नंतर कॉफी नको.

भारतातून निघताना ब्रेथ ॲनलायझर होतो. ड्यूटीच्या आधी १२ तास दारू नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. गोची होते ती माउथवॉश, खोकल्याचं औषध आणि होमिओपॅथीच्या थेंबांनी, कारण त्यांतही अल्कोहोल असू शकतं. ऐनवेळी घसा खवखवला तर कोमट पाणी आणि मीठ पुरे.

सर्दीने कान गच्च असतील तर सरळ सिक कॉल करा. उतरताना कानाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळला नाही तर पडदा दुखावतो आणि मग आठवडे घरी बसावं लागतं. सुट्टीत तारकर्लीला स्कूबा केलं असेल तर विमानात चढण्याआधी किमान २४ तास जाऊ द्या.

बॅगेत काय हवं, याच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्यांत सहसा नसलेलं तेवढं सांगतो. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या, नाडी मोजायला मोबाइल काढत बसणं शक्य नसतं. गॅलीत घालायचे सपाट बूट विमानतळावरच्या बुटांपेक्षा अर्ध्या मापाने मोठे असावेत, दहाव्या तासाला पाय सुजतात. कॉम्प्रेशन स्टॉकिंग १५ ते २० एमएमएचजीचे पुरतात, पण ते घरी, पाय सुजायच्या आधी चढवायचे. केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असते, बऱ्याचदा १० च्या आसपास, म्हणून ओठांचं मलम आणि डोळ्यांचे थेंब खिशात ठेवा. भारतातली इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. ती २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्ट. पिन बदलून लावली तरी ती जेमतेम पाव ताकदीने चालते आणि चहाचं पाणी उकळायला बराच वेळ घेते.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, खाकरा, मेतकूट, दाण्याची चटणी, उपम्याचं तयार मिश्रण हे चालतं, पण खायचं जे काही असेल ते कस्टम्सला डिक्लेअर करायचं. मांस आणि ताजी फळं बिलकूल नाहीत. हापूस तर नाहीच. अमेरिकेत २००७ पासून भारतीय आंबा जातो तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून, व्यापारी मालाच्या कागदांसह. तुमच्या बॅगेतल्या दोन आंब्यांकडे ते कागद नसतात. विमानातल्या ट्रेवरचं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी दंड होतो, आणि क्रूच्या बाबतीत हे बरेचदा घडतं. क्रूचा सी-१/डी व्हिसा, पासपोर्ट आणि कंपनीचं ओळखपत्र अंगावरच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.

ब्रीफिंग ते दार बंद होईपर्यंत

ब्रीफिंगला तुमचं दार, तुमची गॅली आणि तुमचा बंकचा (झोपायच्या जागेचा) क्रम कळतो. नियम ५० आसनांमागे किमान एक क्रू असा आहे, म्हणजे ३४० आसनांना ७. लांबच्या फ्लाइटवर त्याहून जास्त जण असतात, कारण दारं १० आहेत आणि निम्मे जण झोपलेले असणार आहेत.

विमानात शिरल्यावर आधी आपल्या स्टेशनची उपकरणं बघा. ऑक्सिजनच्या बाटलीवरचा काटा, हॅलॉनच्या फायर एक्स्टिंग्विशरचं सील, टॉर्च पेटतो का, जंपसीट (दाराजवळची क्रूची घडीची सीट) स्वतःहून मिटते का. ती मिटत नसेल तर आणीबाणीत दाराची वाट अडवते. मग गॅली. ओव्हन उघडून आत हात न घालता टॉर्चने बघा: ड्राय आइसची पुडी, प्लास्टिकचे चमचे, मेन्यूचा कागद असं काही राहिलेलं असतं. हवेत ओव्हनमधून धूर येण्याची कारणं बहुतेक हीच, आणि सांडलेलं तूप-तेल. ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. तो ओव्हनमध्ये गेला तर बंद गॅलीत वायू साठून डोकं गरगरतं, आणि उघड्या हाताने उचलला तर कातडी जळते.

दार आर्म करणं-डिसआर्म करणं हे या नोकरीतलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात महागडं काम. आर्म केलेलं दार आतून उघडलं की स्लाइड, म्हणजे आणीबाणीत बाहेर पडायची घसरगुंडी, काही सेकंदांत फुगून बाहेर पडते. उतरल्यावर विसरून तसं झालं तर एअरोब्रिजवरचा माणूस जबर जखमी होऊ शकतो आणि विमान तासन्‌तास अडकून पडतं. थकलेल्या हाताला सवयीने चूक करता येऊ नये म्हणून क्रम ठरवून ठेवा. दाराकडे तोंड करून उभं राहायचं, हात मागे. अनाउन्समेंट पूर्ण ऐकायची. लिव्हर हलवायचा. इंडिकेटर काय दाखवतो ते तोंडाने मोठ्याने म्हणायचं. मग समोरच्या दारावर जाऊन तिथला इंडिकेटर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. “झालं ना?” असं आइलपलीकडून विचारून मान डोलावणं म्हणजे क्रॉस-चेक नाही. बोलत बोलत लिव्हरला हात लावू नका. कोणी मध्येच काही विचारलं तर क्रम पहिल्यापासून.

टेक-ऑफच्या आधीचे ३० सेकंद जंपसीटवर मनातल्या मनात उजळणी करायची: माझं दार कुठल्या बाजूचं, बाहेर आग किंवा पाणी दिसलं तर कुठे वळवायचं, जवळ कोण धडधाकट प्रवासी आहे, कोणाला उचलावं लागेल. निम्म्या दारांतून ९० सेकंदांत विमान रिकामं होतं हे दाखवल्याशिवाय विमानाला परवानगी मिळत नाही. त्या ९० सेकंदांतला तुमचा वाटा या उजळणीवर ठरतो.

पहिलं जेवण

भरलेली मोठी ट्रॉली शंभर किलोच्या आसपास जाते. विमान सरळ उडत असतानाही त्याचं नाक दोन-तीन अंश वर असतं, म्हणून पुढे ढकलणं म्हणजे चढ आणि मागे येणं म्हणजे उतार. पाठ सरळ, कोपर अंगाजवळ, आणि ढकलायचं पायांनी. थांबलात की लाल पेडल दाबून ब्रेक, निघताना हिरवं. दोन पावलं जायचंय म्हणून ब्रेक सोडून ट्रॉलीला पाठ फिरवलीत तर ती मागच्या रांगेतल्या कोणाच्या तरी गुडघ्यावर जाते.

गरम पेयांचा नियम असा: किटली पाऊणच भरायची. प्रवाशाला कप तुमच्या ट्रेवर ठेवायला सांगायचं, ट्रे आइलवर धरून कप भरायचा आणि मग ट्रे त्याच्यापुढे करायचा. प्रवाशाच्या किंवा मुलाच्या अंगावरून किटली कधीच न्यायची नाही. केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, त्यामुळे पाणी ९२ ते ९४ अंशांवरच उकळतं आणि चहा पाणचट लागतो. ट्रॉली बाहेर काढायच्या आधी पाच मिनिटं किटलीत चहाच्या पुड्या घालून ठेवल्या की फरक पडतो. वरच्या हवेत सगळ्यात जास्त फेस डाएट कोकला येतो. तीन-चार ग्लास ओळीने लावून थोडं थोडं ओतत गेलात तर ट्रॉली एका कॅनपायी खोळंबत नाही.

ओव्हनमध्ये डबे २० ते २५ मिनिटं लागतात. धूर दिसला तर दार उघडायचं नाही, आधी वीज बंद करायची. आतली हवा संपली की आग बहुतेक वेळा आपोआप विझते. दार उघडून बघणाऱ्याने तिला नवी हवा दिलेली असते.

भारतातून निघणाऱ्या फ्लाइटवर भांडण होतं ते व्हेजवरून. चाळिसाव्या रांगेला व्हेज संपतं आणि तिथे नेमकं शाकाहारी कुटुंब बसलेलं असतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. ओव्हन लावतानाच दोन्ही आइलचे व्हेज डबे मोजून कागदावर लिहायचे. सर्व्हिस निम्म्यावर आली की समोरच्या आइलच्या ट्रॉलीला आकडा विचारायचा आणि तिथेच चार डबे इकडून तिकडे करायचे. क्रूच्या जेवणातले दोन व्हेज शेवटपर्यंत हात न लावता ठेवायचे. स्पेशल मील सगळ्यांच्या आधी, नाव आणि सीट नंबर दोन्ही विचारून. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, व्हीजेएमएल जैन, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा काहीच नाही. ही दोन एकाच ट्रॉलीत असली की अदलाबदल होते आणि जैन प्रवासी मग १५ तास उपाशी राहतो. केएसएमएल, म्हणजे कोशर, सीलबंद दाखवायचं, सील प्रवाशाला फोडू द्यायचं आणि त्याने सांगितल्यावर गरम करायचं.

उपवासाला मात्र कोड नाही. एकादशी किंवा चतुर्थी असेल तर प्रवासी ट्रे नुसता परत करतात, काही मागत नाहीत. फळं, दही, दूध, बिनमसाल्याचे काजू-बदाम, एवढं गॅलीत असतंच. आपण होऊन विचारायचं.

तुमचं स्वतःचं जेवण बसून, लहान वाटणीत, दोनदा. पोटातला वायू या दाबाला साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगतो, तेव्हा राजमा, छोले आणि सोडा खाली उतरल्यावर. पाणी दर तासाला एक ग्लास. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आजी-आजोबा

अमेरिकेच्या फ्लाइटवर व्हीलचेअरची रांग मोठी असते. मुलाकडे, लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या मुंजीला निघालेली ही मंडळी. पहिल्यांदाच एकटी असतील तर बेल वाजवत नाहीत. “कशाला उगाच त्यांना त्रास” म्हणून सात-आठ तास पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल आणि ते दार कसं उघडतं ते माहीत नाही.

म्हणून विमान वर गेल्यावर, जेवणाच्या आधी, तीन गोष्टी करून टाका. एक, बेल्ट कसा सुटतो आणि बेल कुठली ते त्यांच्याच हाताने करून घ्या. दोन, बाथरूमपर्यंत सोबत जाऊन दार दाखवा. ते मधोमध ढकललं की आत दुमडतं. बहुतेक जण कडेची मूठ शोधत उभे राहतात. आत कडी सरकवली की दिवा मोठा होतो, फ्लशचा आवाज मोठा आहे पण घाबरायचं नाही, आणि धुवायला पाणी हवं असेल तर हे दोन कागदी कप. कप आणि कागद भांड्यात टाकायचे नाहीत, डब्यात टाकायचे. तीन, “आजी, गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत?” असं विचारा. पिशवी वरच्या कप्प्यात असेल तर खाली काढून सीटखाली ठेवा. चेक-इनमध्ये गेली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

इन्शुलिन घेणाऱ्यांना एकच सांगायचं: जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय टोचू नका. घरच्या सवयीने लोक जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात, तेवढ्यात विमान हलायला लागतं, सर्व्हिस थांबते, आणि तासाभराने माणूस घामाघूम होऊन डोळे फिरवतो. शुद्धीत आणि गिळता येत असेल तर लगेच साखर घातलेला रस किंवा साधा कोक द्यायचा, डाएट नव्हे. डोस किती आणि घड्याळ कुठलं धरायचं हा सल्ला मात्र तुमचा नाही, तो त्यांच्या डॉक्टरांचा. इन्शुलिनची कुपी ड्राय आइसच्या ट्रॉलीत ठेवू नका. ती गोठली की निकामी होते. वापरात असलेली कुपी साध्या तापमानाला या प्रवासात व्यवस्थित टिकते.

बाथरूमची फेरी दर २० मिनिटांनी, आणि ती स्वच्छतेसाठी जेवढी तेवढीच सुरक्षेसाठी. स्मोक डिटेक्टरवर मोजा किंवा टिश्यू चढवलेला नाही ना, कचऱ्याच्या डब्याची झडप मिटलेली आहे ना. इथली शौचालयं हवेच्या ओढीवर चालतात. लंगोट किंवा कापड टाकलं की एकट्या भांड्याचा नाही, त्या पूर्ण लाइनचा निकाल लागतो. मार्च २०२५ मध्ये शिकागोहून दिल्लीला निघालेल्या एका विमानाला १२ पैकी ८ शौचालयं तुंबल्यामुळे अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं होतं. पाइपांत प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे सापडले.

बंक

हिशेब असा करा. १५ तास ३० मिनिटांत पहिले अडीच तास सर्व्हिस, शेवटचे तीन तास दुसरी सर्व्हिस आणि उतरणं. मधले १० तास दोन गटांत, म्हणजे पाच-पाच. हस्तांतर आणि जिने चढणं-उतरणं वजा जाता साडेचार तासांची झोप. नवख्यांना दुसरी पाळी आकर्षक वाटते. मुंबईहून रात्री निघणाऱ्या फ्लाइटवर आमचं मत पहिल्या पाळीच्या बाजूचं: ती पहाटे साडेचार-पाचला सुरू होते, शरीर झोपायला तयारच असतं. दुसरी पाळी सकाळी दहाच्या सुमाराला येते, तेव्हा मुंबईच्या घड्याळाने डोळे टक्क उघडे. मात्र पहिली घेतलीत तर उतरेपर्यंतचे आठ तास तुम्ही सलग उभे असता, हेही लक्षात ठेवा.

७७७ मध्ये क्रूचे बंक मागच्या केबिनच्या छतावर, अरुंद जिन्याने वर. उशी लावायच्या आधी ऑक्सिजन मास्क आणि दुसरी बाहेर पडायची झडप कुठे आहे ते बघून घ्या. ती झडप खालच्या आइलमध्ये उघडते. बेल्ट पांघरुणाच्या वरून बांधायचा, म्हणजे कोणाला उठवायचं असेल तर तो दिसतो. गरम पेय, चार्जिंगला लावलेला फोन, मोठी बॅग वर न्यायची नाही. स्मोक डिटेक्टर आहे, पण झोपेत त्याचा आवाज ऐकून जागं व्हायला लागणारा वेळ तुमच्याकडे नाही. वर थंडी असते, मोजे आणि शाल न्या. झोप लागली नाही तर फोन न बघता डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं राहा. पाय वर गेले, पाठ टेकली, तेवढीही विश्रांती उपयोगी पडते. उठवायला येणाऱ्याने आधी १५ मिनिटं यावं. झोपेतून थेट गॅलीच्या उजेडात गेलेला माणूस पहिली काही मिनिटं चुका करतो. त्या मिनिटांत त्याला ओव्हन किंवा औषध हातात देऊ नका.

खाली जागे असलेल्यांनी बंकवाल्यांसाठी पाच ओळींची चिठ्ठी ठेवायची: कोण आजारी, कोणाला किती दारू झाली, कुठलं बाथरूम बंद, कुठल्या सीटवरचं मूल एकटं प्रवास करतंय, पाण्याच्या किती बाटल्या उरल्या.

हलायला लागलं की

मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला चाललेलं एक ७७७-३००ईआर म्यानमारवर अचानक हेलकावलं. प्राथमिक तपासात निघालं ते असं: बेल्टची खूण लावल्याचं वैमानिकाने म्हटल्यानंतर ८ सेकंदांनी जोराचे झटके सुरू झाले आणि ४.६ सेकंदांत विमान १७८ फूट खाली आलं. बेल्ट नसलेली माणसं छताला आपटली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. त्या ८ सेकंदांत ट्रॉली गॅलीत परत नेता येत नाही.

म्हणून जोराचं हलायला लागलं तर आहात तिथेच. ट्रॉलीचा ब्रेक दाबा, गरम किटल्या खाली जमिनीवर ठेवा, जवळच्या रिकाम्या सीटवर बसून बेल्ट लावा. रिकामी सीट नसेल तर जमिनीवर बसून सीटच्या खालच्या दांड्याला पाय अडकवा, आणि शेजारच्या प्रवाशाला तुमचा खांदा धरायला सांगा. लाज वाटायचं कारण नाही. “आधी हे दोन कप देऊन टाकते” म्हणणाऱ्यांचे घोटे मोडतात. हलकं हलत असेल तर गरम पेयं थांबवून थंड देता येतात, पण निर्णय इंटरफोनवर सीनियरला विचारून. स्वतः जंपसीटवर बसलात की पहिल्यांदा बेल्ट, मग अनाउन्समेंट.

केबिनचा दाब गेला आणि मास्क पडले तरी हाच हिशेब. ३५,००० फुटांवर शुद्ध हरपायला अर्धा ते एक मिनिट लागतं. जवळचा कुठलाही मास्क ओढा, तोंडावर लावा, बसा. मूल रडतंय म्हणून तीन रांगा चालत गेलात तर दोघंही बेशुद्ध.

दारूचा मामला शांतपणे हाताळायचा असेल तर सुरुवातीलाच. हिरवा, पिवळा, लाल असे मनात शेरे द्या आणि प्रत्येक पेगची वेळ गॅलीतल्या कागदावर सीट नंबरासह लिहा. नाहीतर माणूस पुढच्या, मधल्या आणि मागच्या गॅलीत एकेक पेग मागून तीन झाले तरी कोणाला कळत नाही. पिवळा झाला की पेगांमधलं अंतर वाढवा, पाणी आणि खाणं आधी. भारतात बेशिस्त प्रवाशांच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत: शाब्दिक, शारीरिक आणि जिवाला धोका. बंदी अनुक्रमे तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत आणि किमान दोन वर्षं. पण त्यासाठी वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहिलेला रिपोर्ट लागतो. “उद्धट वागला” एवढं लिहून काही होत नाही. शिवी दिली असेल तर शिवी लिहा.

माणूस कोसळला, फोन पेटला

आइलमध्ये कोसळलेल्यांत सगळ्यात जास्त जण भोवळ येऊन पडलेले असतात: कमी पाणी, उपाशी पोट, बराच वेळ बसून एकदम उठणं. आडवं करा, पाय वर, कपडे सैल, नाडी आणि श्वास बघा. दोन-तीन मिनिटांत रंग परत येतो. लगेच उठवून बसवू नका, दुसऱ्यांदा पडताना डोकं आपटतं. ऑक्सिजन लावला असेल तर वेळ लिहा. ३१० लिटरची बाटली मिनिटाला ४ लिटरने साधारण ७५ मिनिटं जाते, २ लिटरने अडीच तास. अटलांटिकवर हा हिशेब कॅप्टनला लागतो, विमान कुठे वळवायचं ते त्यावर ठरू शकतं.

श्वास नसेल तर एक जण सीपीआर, दुसरा एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला, तिसरा कॅप्टनला फोन आणि डॉक्टरसाठी अनाउन्समेंट. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास. सीटवर सीपीआर होत नाही, गॅलीच्या जमिनीवर ओढून न्या. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि त्या माणसाला ते कळत नाही.

फोन सीटच्या फटीत पडला तर प्रवाशाला सीट हलवू देऊ नका. बटण दाबलं की सीटची यंत्रणा फोन चिरडते आणि बॅटरी पेटते. त्याला उठवा, उशी काढा, हातमोजे घालून फोन काढा. पेटलाच तर आधी हॅलॉनने ज्वाळा विझवा, मग पाणी किंवा कुठलंही बिनदारूचं पेय ओतत राहा. बर्फ ठेवायचा नाही. तो बॅटरीला झाकून उष्णता आत कोंडतो आणि शेजारचे सेल पेटतात. पूर्ण गार झाल्याशिवाय हलवायचा नाही. पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत, तीही केबिनमध्ये. वरच्या कप्प्यात चार्जिंग चालू ठेवून कोणी झोपलं असेल तर उठवा. धूर तिथे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

उतरल्यावर

उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. रात्री २ ला निघालेली फ्लाइट तिथे उन्हाळ्यात सकाळी ८ च्या सुमाराला टेकते, तेव्हा तुमच्या शरीरात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. प्रवासी उतरत असताना व्हीलचेअरवाले शेवटी राहतात. तोवर सीटचे खिसे, उशीखालची जागा बघून घ्या. पासपोर्ट, चष्मा, कवळी आणि जपमाळ, या चार वस्तू हमखास राहतात.

परतीची फ्लाइट दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला असेल तर तिथल्या वेळेशी जुळवून घेण्याच्या फंदात पडू नका, शरीर दिवसाला साधारण तासभरच सरकतं. झोप दोन तुकड्यांत घ्या. हॉटेलवर पोचून ११ ते २, गजर लावून. मग उठून उन्हात चालायला जा, हलकं जेवा, आणि रात्री ९ ला पुन्हा झोपा. सकाळच्या झोपेचा गजर बंद करून पाचपर्यंत लोळलात तर रात्री २ ला टक्क जागे आणि परतीच्या फ्लाइटला उठवायला कोणीतरी लागेल. पूर्वेकडे येताना शरीराला जास्त जड जातं, कारण दिवस लहान होतो.

मुंबईत उतरल्यावर स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत घरी जाऊ नका. घरी पोचलात की आधी युनिफॉर्मचे खिसे उलटे करा, कोणाच्या तरी औषधाची पट्टी किंवा पासपोर्ट तुमच्याकडेच राहिलेला असतो. मग ९० मिनिटांचा गजर. तो वाजला की उठायचं, चहा घ्यायचा, आणि रात्री दहापर्यंत कसंही करून जागं राहायचं.